पिशवी कोणाची, ताबा कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा माझ्या दवाखान्यात आले. रक्तदाब १९०/११० होता. दहा वर्षे नेमाने गोळ्या घेणारा हा माणूस तीन दिवस त्या घ्यायला विसरला होता. कारण विचारताच त्यांचे डोळे भरून आले. नातवाला रेल्वेत गांजासह पकडले होते. "डॉक्टरसाहेब, पिशवी त्याची नव्हती हो! मित्राने दिली होती." त्या तीन दिवसांत 'सोडवून देतो' म्हणणाऱ्या दोघा मध्यस्थांचे उंबरठे घरच्यांनी झिजवले होते. वकील मात्र गाठला नव्हता.

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु अशा प्रसंगाचा पहिला घाव घरातील वृद्धांच्या प्रकृतीवर बसतो, आणि अज्ञानाने तो अधिक खोल जातो. शिवाय भुसावळ हे जंक्शनचे गाव. 'एवढी पिशवी तेवढी पोहोचवा' ही विनंती आपल्याला नवी नाही.

अशा प्रकरणांना १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजेच एनडीपीएस कायदा लागू होतो. वस्तू आपल्या नियंत्रणात असणे आणि तिची आपल्याला जाणीव असणे, याला 'ताबा' म्हणतात. मात्र पदार्थ आपल्याकडे सापडल्याचे सिद्ध झाले, की जाणीव होती असे न्यायालय गृहीत धरते. ती नव्हती हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. मुंबईच्या एका तरुण दांपत्याने २०१९ मध्ये नात्यातील स्त्रीने दिलेले पाकीट विश्वासाने सोबत नेले. कतारच्या दोहा विमानतळावर त्यात सुमारे ४ किलो चरस निघाले. १० वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष ठरून ते २०२१ मध्ये परतले, तोवर त्यांची कन्या कैदेतच जन्मली होती. कायदा त्या देशाचा होता, धडा मात्र आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडे शिक्षा प्रमाणावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असल्यास अल्प प्रमाण मानतात. त्यास १ वर्षापर्यंत सश्रम कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोंहून अधिक म्हणजे व्यापारी प्रमाण. त्यास किमान १० व कमाल २० वर्षे कारावास, शिवाय किमान १ लाख रुपये दंड. या दोहोंच्या मधल्या प्रमाणास १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. व्यापारी प्रमाणात जामीन अत्यंत कठीण असतो. म्हणून पंचनाम्यात वजन किती नोंदले, हा वकिलाला सांगायचा पहिला तपशील.

अटक झाल्यास काही हक्क ध्यानी ठेवावेत. अटकेचे कारण समजणे, वकिलाचा सल्ला घेणे आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे, हे घटनेने दिलेले हक्क आहेत. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी, अशी मागणी करता येते. केवळ पिशवीच्या झडतीस हा नियम लागू नाही. स्त्रीची अंगझडती स्त्रीच घेते. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये. अटकेतील व्यक्तीस मधुमेह, अपस्मार वा हृदयविकार असल्यास चिठ्ठी व औषधे वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावीत. अशा वेळी आपल्या डॉक्टरांकडून प्रमाणपत्र मागण्यात संकोच नसावा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मध्यस्थाकडे जाऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीस, तसेच कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागता येतो. भुसावळ न्यायालयातील तालुका विधी सेवा समिती किंवा जळगावचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे साधा अर्ज पुरतो. राष्ट्रीय मदतक्रमांक १५१०० आहे. स्वतः वकील निवडताना त्यांनी एनडीपीएसचे खटले चालवले आहेत का, हे अवश्य विचारावे.

आता आपल्या औषधांच्या डब्याकडे वळू. झोपेसाठी वा चिंतेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि वेदनेवरील ट्रामाडॉल ही औषधे याच कायद्याच्या कक्षेत येतात. स्वतःच्या उपचारासाठी अशा १०० मात्रांपर्यंत साठा बाळगता येतो. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहून दिल्यास ३०० पर्यंत. प्रवासात गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, चिठ्ठी जवळ असावी आणि शेजाऱ्यासाठी म्हणून गोळ्या नेऊ नयेत. परदेशी जाण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाकडे विचारणा करावी, कारण तेथील नियम वेगळे असतात.

त्या आजोबांना मी प्रथम रक्तदाबाची गोळी दिली आणि मग विधी सेवा समितीकडे धाडले. नातवाला वकील मिळाला. खटला अद्याप चालू आहे. आजोबा आता गोळी चुकवत नाहीत. परवा म्हणाले, "तारखेला उभे राहायचे तर पाय धड हवेत ना!"