पाथरीचे टीकाकार आणि घोड्यांची किंमत

परभणी जिल्ह्यातील पाथरी हा कसबा जेव्हा पार्थपूर म्हणून ओळखला जात होता आणि निजामशाही व इमादशाही यांच्या ओढाताणीत सापडला होता, त्या अस्थिर काळात तेथे ज्ञानराज आणि त्यांचे पुत्र सूर्यदास हे दोन ज्योतिर्गणिती ग्रंथलेखनात मग्न होते, याचे स्मरण आज फार थोड्यांना असते. ज्ञानराजांनी १५०३ मध्ये ‘सिद्धान्तसुंदर’ रचला. सूर्यदासांनी ऐन तिशीत, १५३८ मध्ये, भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली. सरळ वाचल्यास रामकथा आणि उलट वाचल्यास कृष्णकथा सांगणारे विलक्षण काव्यही याच सूर्यदासांचे.

आठवीच्या मुलांना एकचल समीकरणात अव्यक्त राशी दोन्ही बाजूंना दिसली की धास्ती वाटते. परंतु ‘बीजगणिता’त नेमके असेच एक उदाहरण आहे. एका गृहस्थाजवळ ३०० रुपये रोख आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे असून त्याच्या शिरावर १०० रुपयांचे कर्ज आहे. आणि दोघांची मालमत्ता समान आहे. तर घोड्याची किंमत किती? भास्कराचार्य अव्यक्ताला ‘यावत्तावत्’ म्हणून ‘या’ या अक्षराने, व्यक्त संख्येला ‘रू’ने दाखवीत, दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडीत आणि ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू देत. आज आपण ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० असे लिहितो.

धन समान असलेल्या दोघांकडून सारखेच काढून घेतले, वा दोघांना सारखेच दिले, तर समानता ढळत नाही, एवढ्या एकाच तत्त्वावर सारी रीत उभी आहे. दोघांचेही ६ घोडे वजा केले, की एकाकडे ३०० रुपये आणि दुसऱ्याकडे ४ घोडे व १०० रुपयांचे कर्ज उरते. दोघांनाही १०० रुपये दिले, की कर्ज फिटते आणि ४०० रुपये म्हणजे ४ घोडे ठरतात. किंमत १०० रुपये. पडताळा पाहावा : दोन्हीकडे ९०० भरतात.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे सूत्र शाळांतून पाठ करून घेतले जाते, पण त्याचे हे कारण सांगितले जात नाही, आणि मला हाच आपल्या अध्यापनातील मोठा दोष वाटतो. कारण कंस येताच केवळ पाठांतरावर विसंबलेला विद्यार्थी गोंधळतो. मानवतच्या बाजारात एकाने ५ क्विंटल कापूस विकला आणि क्विंटलमागे २०० रुपये वाहतुकीत गेले. दुसऱ्याने त्याच दराने ४ क्विंटल विकला, त्याला खर्च पडला नाही आणि पदरी आधीचे ६००० रुपये होते. दोघांची रक्कम सारखी झाली. म्हणजे ५(क्ष − २००) = ४क्ष + ६०००. वाहतूक पाचही क्विंटलांवर पडली असल्याने ५ ने क्ष आणि २०० या दोहोंस गुणावे लागते : ५क्ष − १००० = ४क्ष + ६०००. दोन्हीकडून ४क्ष वजा करून १००० मिळविले, की दर ७००० रुपये निघतो, आणि प्रत्येकाच्या हाती ३४,००० रुपये येतात.

पाथरी, मानवत, सेलू येथील शिक्षकांना माझी विनंती आहे की, हा धडा आरंभ करताना घोड्यांचे उदाहरण फळ्यावर मांडावे आणि त्या ग्रंथाचे टीकाकार याच जिल्ह्यातील होते, हे मुलांना अवश्य सांगावे.