गाडीच्या समोरच्या काचेचा टवका उडाला? घरी काय करता येतं आणि काय करू नये?

समजा, तुम्ही मेहकरहून समृद्धी महामार्गाने सिंदखेड राजाकडे निघाला आहात. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडतो, 'टक्' असा आवाज येतो आणि समोरच्या काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडालेला दिसतो. काच जागेवर असते, गाडी चालत असते. त्यामुळे आपण विषय सोडून देतो.

मग मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी खामगाव किंवा मलकापुरात उन्हात तापलेल्या गाडीत तुम्ही बसता, एसी सुरू करता आणि त्याच टवक्यातून हातभर लांब तडा जातो. काही शे रुपयांत वाचली असती ती काच आता पूर्ण बदलावी लागते.

हे टाळता येतं का? बऱ्याच वेळा येतं. पण त्यासाठी आधी ही काच कशी असते ते समजून घेऊया.

समोरची काच वेगळी का असते?

गाडीच्या बाजूच्या खिडकीची काच फुटली की तिचे बारीक दाणे होतात. समोरची काच तशी फुटत नाही. कारण ती एक नसून दोन काचा असतात आणि मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर असतो. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात.

तिची कल्पना फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांची. त्यांच्या हातून पडलेला काचेचा चंबू तडकला, पण विखुरला नाही. कारण आतल्या द्रावणाचा पापुद्रा काचेला चिकटून राहिला होता. १९०९ मध्ये त्यांनी अशा काचेचं पेटंट घेतलं.

खड्याने टवका उडतो तो बहुतेक वेळा फक्त बाहेरच्या काचेचा. मधला थर आणि आतली काच शाबूत असते. म्हणूनच दुरुस्ती शक्य होते.

छोटा टवका मोठा कसा होतो?

काच दाब चांगला सहन करते, पण ताण सहन करत नाही. टवक्याच्या कडेला केसासारख्या बारीक भेगा असतात आणि सगळा ताण त्या भेगांच्या टोकाशी एकवटतो.

हा ताण येतो कुठून? बाहेरून ऊन आणि आतून एसी, म्हणजे काचेची एक बाजू प्रसरण पावते आणि दुसरी आकुंचते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तरी तेच होतं. खड्ड्यांमधून किंवा राजूर घाटाच्या वळणांवरून जाताना गाडीचा सांगाडा किंचित पिळला जातो, तो ताणही काचेवर येतो. पावसाळ्यात भेगेत शिरलेलं पाणी तिच्या टोकाशी काचेचे बंध कमकुवत करतं, त्यामुळे भेग हळूहळू पुढे सरकते.

वेगाचाही संबंध आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. समृद्धीवर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात साधा खडाही जोरात लागतो. म्हणून खडी-मुरूम नेणाऱ्या ट्रकच्या अगदी मागे राहू नका.

कोणता टवका घरी दुरुस्त करता येतो?

पुढच्या सगळ्या अटी जुळल्या तरच घरी हात घाला:

- टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान आहे.
- तो चालकाच्या थेट नजरेसमोर नाही. दुरुस्तीनंतरही बारीक डाग उरतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यावर फाकतो.
- काचेच्या कडेपासून तो किमान ५ सेंटीमीटर आत आहे.
- आतून बोट फिरवल्यावर काच गुळगुळीत लागते.
- लांब तडा गेलेला नाही.
- नव्या गाड्यांमध्ये आरशामागे कॅमेरा असतो, त्याच्या समोर टवका नाही.

एकही अट चुकत असेल तर काचेच्या कारागिराकडे जा.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय?

टवक्यात हवा भरलेली असते, म्हणून तो डोळ्यांना दिसतो. किटमधल्या छोट्या पंपाने ती हवा ओढून घ्यायची आणि तिच्या जागी पातळ, पारदर्शक रेझिन भरायचं. हे रेझिन उन्हातल्या अतिनील किरणांनी कडक होतं आणि भेगांच्या कडा धरून ठेवतं. अशी किट ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतात.

टप्प्याटप्प्याने कसं करायचं?

१. टवका उडाला त्याच दिवशी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. धूळ आणि पाणी आत गेलं की रेझिन नीट भरत नाही.

२. काम सकाळी लवकर आणि सावलीत करा. तापलेल्या काचेवर रेझिन फार पातळ होतं आणि उन्हात ते भरण्याआधीच कडक होतं.

३. पट्टी काढा, सुटे काचकण टाचणीने अलगद काढा. पाणी वापरू नका. काच ओली असेल तर पूर्ण वाळू द्या. हातमोजे आणि चष्मा घाला.

४. किटचा स्टँड रबरी वाट्यांनी काचेवर घट्ट बसवा. मधली नळी बरोबर टवक्यावर आली पाहिजे. रेझिनचे थेंब टाका, पंपाने हवा ओढा, मग दाब द्या. किटवर सांगितलेला वेळ पाळा. बुडबुडे दिसत असतील तर पुन्हा करा.

५. स्टँड काढून वर एक थेंब टाका, किटमधली पारदर्शक फिल्म लावा आणि गाडी उन्हात आणा. ढगाळ दिवशी जास्त वेळ लागतो.

६. फिल्म काढून वरचं जादा रेझिन सरळ उभ्या धरलेल्या ब्लेडने खरवडा.

टवका पूर्ण अदृश्य होणार नाही. तो पसरू नये, एवढंच या दुरुस्तीचं काम.

रील्समधल्या टूथपेस्टचं काय?

टूथपेस्ट भेगेत शिरत नाही, ती फक्त वर बसते आणि आत घाण सोडते. नेलपॉलिश फार तर पाणी अडवते. क्षणात चिकटणारा गोंद तर टाळाच. एकदा तो भेगेत वाळला की नंतर रेझिनला आत जायला जागाच उरत नाही.

काच बदलायची वेळ आली तर?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विम्यात मिळतात आणि काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. मात्र सक्तीची वजावट असते आणि दावा केल्यास नो क्लेम बोनस जाऊ शकतो. त्यामुळे आधी हिशेब करा. काचेवरचा फास्टॅग काढताना निकामी होतो, म्हणून नवा घ्यावा लागेल.

काच बदलायची टाळाटाळ मात्र करू नका. गाडी उलटली तर छताला आधार देण्यात या काचेचा वाटा असतो. बऱ्याच गाड्यांमध्ये शेजारच्या सीटची एअरबॅगही फुगताना याच काचेला टेकते. तडकलेल्या काचेवर तो भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून गाडीत चिकटपट्टीचं एक रीळ ठेवा. टवका उडाला की पहिला उपाय तोच.