कापसाच्या गासडीखालची माणसे

बी.ए.च्या वर्गात अमेरिकेचा इतिहास शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हटकून येतो. 'सर्व माणसे समान आहेत' असे १७७६ साली जगाला सांगणाऱ्यांनी घरी गुलाम कसे ठेवले? मुलांना यात ढोंग दिसते, आणि ते चूकही नाही. पण तेवढ्यावर थांबलो, तर खरी गोष्ट हातातून निसटते. गुलामगिरी हा त्या नव्या राष्ट्राच्या अंगावरचा नुसता डाग नव्हता. ते राष्ट्र ज्या पैशावर उभे राहिले, त्यातला मोठा वाटा गुलामांच्या घामाचा होता.

सुरुवात राष्ट्राच्या जन्माआधीची आहे. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकी माणसे उतरवली गेली. अंगोलातून निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजावरून इंग्रज चाच्यांनी ती लुटून आणली होती. पुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफरसन आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांचे मालक होते. १७८७ च्या राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द टाळला गेला, पण हिशेब टाळला नाही. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलामांची तीन माणसे धरावीत, असे ठरले. गुलामाला मत नव्हते. त्याच्या नुसत्या असण्यामुळे त्याच्या मालकाच्या राज्याचे वजन मात्र वाढत होते.

एका यंत्राची करामत

त्या काळी पुष्कळांना वाटत होते की ही प्रथा हळूहळू आपोआप संपेल. तंबाखूची जमीन थकत चालली होती. मग १७९३ साली एली व्हिटनी यांनी कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले. आपण ज्याला 'जीन' म्हणतो, त्याचाच हा पूर्वज. अमेरिकेच्या आतल्या भागात होणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असते. हाताने दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई निघायची, ती आता पन्नास पौंडांपर्यंत निघू लागली.

यंत्र आले की माणसाचे कष्ट कमी होतात, असा आपला समज. इथे उलट झाले. सरकी काढण्याचे काम सोपे झाले, पण बोंडे वेचायला माणसेच लागत होती. जितका कापूस जास्त, तितके वेचणारे हात जास्त. १७९० च्या शिरगणतीत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते जवळजवळ चाळीस लाख झाले. काही हजार गासड्यांचे पीक त्याच अवधीत सुमारे चाळीस लाख गासड्यांवर गेले. देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता.

१८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी आली, तेव्हा देशातल्या देशातच बाजार तेजीत आला. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून मिसिसिपी-लुइझियानाकडे सुमारे दहा लाख माणसे नेली गेली, कुणी विकून तर कुणी मालकाबरोबर. आई एकीकडे, मूल दुसरीकडे असे किती संसार मोडले असतील!

आणि हे पाप एकट्या दक्षिणेचे होते असेही नाही. उत्तरेतल्या गिरण्या हाच कापूस कातत होत्या, न्यूयॉर्कचे व्यापारी तोच जहाजात भरत होते. विमा कंपन्या गुलामांचा विमा उतरवीत, सावकार त्यांना तारण ठेवून कर्ज देत. इतिहासकारांच्या अंदाजानुसार १८६० मध्ये गुलामांची बाजारभावाने होणारी किंमत देशातील सर्व रेल्वे आणि कारखान्यांच्या भांडवलाहून जास्त होती. एवढे 'धन' कोण सुखासुखी सोडील? १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध त्याचसाठी पेटले. सहा लाखांहून अधिक माणसे त्यात मेली.

धारवाडचा कापूस

ही कथा आपल्या एऱ्या मातीपर्यंत येऊन पोचते. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून जात असे. एकाच देशावर इतके विसंबणे बरे नव्हे, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० साली दहा अमेरिकन मळेवाले हिंदुस्थानात आणले. त्यांचे प्रयोग बहुतेक ठिकाणी फसले, पण धारवाडकडे अमेरिकन बियाणे रुजले. कुमठा बंदरावरून 'कुमठा' नाव पडलेल्या इथल्या जवारी हत्तीच्या शेजारी 'धारवाड-अमेरिकन' ही नवी जात बाजारात आली.

युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि इकडचे भाव काही पटींनी चढले. धारवाडचा कापूस समुद्राला लावण्यासाठी कारवार बंदराकडे लक्ष गेले, १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. मुंबईत शेअरबाजाराला वेड लागले. १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. भाव उतरले, सावकाराचे कर्ज मात्र उरले. १८७५ चे पुणे-नगरकडचे शेतकऱ्यांचे दंगे समजून घेताना ही भरती-ओहोटीही ध्यानात घ्यावी लागते.

फुल्यांची नजर

व्यापाऱ्यांनी या युद्धात भाव पाहिला, जोतीराव फुल्यांनी माणूस पाहिला. १८७३ मधला आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. दोन्हीकडे अक्षराला घातलेली बंदी सारखीच होती. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. मेरीलँडमधून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी चोरूनमारून अक्षरे गिरवली आणि १८४५ साली आत्मचरित्र लिहिले. त्यानंतर तीनच वर्षांनी फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली.

डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. कागदावर! जमीन मिळाली नाही. त्याच मालकाच्या शेतात वाट्याने राबायचे, बियाण्यासाठी त्याच्याच दुकानातून उधार घ्यायचे आणि हंगाम संपला तरी बाकी फिटायची नाही. वेगळे डबे, वेगळ्या शाळा, मतदानाला आडकाठी हे सारे मोडायला १९६४-६५ चे कायदे यावे लागले.

कन्नडमध्ये ज्याला 'जीत' म्हणतात आणि मराठीत 'वेठबिगारी', ती आपल्याकडे कायद्याने १९७६ साली बंद झाली. अमेरिकेच्या गुलामगिरीशी तिची सरळ तुलना करू नये, तिथे माणूस आणि त्याची मुलेबाळे उघड बाजारात विकली जात होती. पण न फिटणाऱ्या कर्जाची दोरी आपल्याही ओळखीची आहे. खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्टीत राहणारे आपले सिद्दी शेजारी तर पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज मानले जातात. ते आपल्याशी कन्नड, मराठी, कोकणीत बोलतात. पण त्यांचे पूर्वज इथे कसे आले, हे आपल्यापैकी कितीजणांच्या मुलांना ठाऊक आहे?

राष्ट्र मोठे कसे झाले हे मुलांना जरूर सांगावे. धरणे, गिरण्या, रेल्वे सगळे सांगावे. त्याच बैठकीत, ते कुणी बांधले आणि त्यांच्या हाती काय पडले, हेही सांगावे. मुले विचारण्याची वाट पाहू नये.