'बुकात्सु' आणि अनुपस्थितीचे कथन

जपानमधील शाळांत तास संपल्यावर चालणाऱ्या विद्यार्थी-मंडळांना 'बुकात्सु' अशी संज्ञा आहे. त्यांतील क्रीडामंडळांची पकड विशेष घट्ट असते. सकाळ-सायंकाळचा सराव, सुटीतील सामने आणि ज्येष्ठ-कनिष्ठांची काटेकोर उतरंड यांतून वर्गापेक्षाही जवळचे असे एक विश्व उभे राहते. ते विद्यार्थ्याला शाळेत टिकवून धरते. मात्र ते तुटले की शाळेत येण्याचे कारणच हरवू शकते. जपानी कथनसाहित्याने या दोन्ही शक्यता हाताळल्या आहेत.

इनोउए ताकेहिको यांच्या 'स्लॅम डंक' (१९९०-९६) या चित्रकथामालिकेतील मित्सुई गुडघ्याच्या दुखापतीमुळे बास्केटबॉलपासून दुरावतो, गुंडगिरीकडे वळतो आणि मंडळात परतल्यावरच सावरतो. त्याच्या पुनरागमनाचे कौतुक फार होते. त्याच्या भरकटण्याचे मूळही मंडळातच होते, हे सहसा नजरेआड राहते.

असाई र्‍यो यांच्या 'किरिशिमा, बुकात्सु यामेरुत्ते यो' (२०१०) या कादंबरीत हा पेच निवेदनरचनेतच उतरला आहे. 'किरिशिमा मंडळ सोडतोय म्हणे' असा शीर्षकाचा आशय. व्हॉलीबॉल संघाचा हा कर्णधार प्रत्यक्ष समोर येतच नाही. इतर विद्यार्थी आपापल्या जागेवरून बोलतात. योशिदा दाइहाची यांच्या २०१२ मधील चित्रपटात तो शाळेतही येईनासा होतो आणि एकच शुक्रवार निरनिराळ्या दृष्टिकोनांतून पुन्हा उलगडतो. किरिशिमाच्या मनात काय होते ते कळत नाही. दिसतो तो मागे राहिलेल्यांचा ताण: त्याच्या जागी उभा केलेला, उंचीने व कौशल्याने कमी पडणारा खेळाडू आणि सैरभैर झालेले मित्र. मनोव्यथेला वैद्यकीय नाव न देता तिचा परिणाम दाखवण्याची ही रीत लक्षणीय आहे. मराठीत मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) मध्ये मुलांचा अड्डा शाळेबाहेरच्या अर्धवट इमारतीत भरतो. तेथील मैत्रीचा हजेरीशी असा थेट संबंध नाही.

प्रत्यक्षातील घटना अधिक दारुण होत्या. डिसेंबर २०१२ मध्ये ओसाकातील एका शाळेच्या बास्केटबॉल कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली. २०१८ मध्ये शासनाच्या क्रीडा विभागाने आठवड्यातून किमान २ दिवस विश्रांती आणि शाळेच्या दिवशी सुमारे २ तास सराव अशी मर्यादा सुचवली.

आजारपण वा आर्थिक अडचण नसताना वर्षात ३० दिवस वा अधिक गैरहजर राहणाऱ्यांची 'फुतोको' म्हणून शासकीय नोंद होते. चित्रपटातील किरिशिमाची गैरहजेरी शुक्रवार ते मंगळवार एवढीच आहे. त्या गणनेत ती येणार नाही.