चतुःसीमा लिहिणारा वकील



वकील म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळा झगा, साक्षीदाराचा पिंजरा आणि खुनाचा, नाही तर भाऊबंदकीचा खटला उभा राहतो. ज्या वकिलांविषयी मी आज बोलणार आहे, त्यांपैकी पुष्कळांना साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा प्रसंग आयुष्यात क्वचितच येतो. त्यांचे अशील म्हणजे कारखानदार, संशोधक, ग्रंथप्रकाशक. आणि तंट्याचा विषय म्हणजे कोणाच्या तरी डोक्यातून निघालेली कल्पना. बौद्धिक संपदेचे वकील असे त्यांचे लांबलचक नाव. मी स्वतः जुन्या वळणाचा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. कायद्याचे माझे ज्ञान बेताचेच. परंतु माझी एक भाची मुंबईस पेटंटचे काम करते, आणि ती सुटीत घरी आली म्हणजे जे चार शब्द बोलते त्यांवरून मला या व्यवसायाची गोडी लागली.

चारच शब्द बोलते, हे मी मुद्दाम सांगतो. नव्या कल्पनेचा अर्ज दाखल होण्यापूर्वी तिचा चारचौघांत बोभाटा झाला, तर तिचे नावीन्य गेले असे कायदा मानतो. त्यामुळे अशिलाचे गुपित ही मंडळी घरातल्या माणसांनाही सांगत नाहीत. "अगं, दिवसभर तू करतेस तरी काय?" असे माझी बहीण तिला गेली दहा वर्षे विचारीत आहे. उत्तर एकच मिळते, "वाचते आणि लिहिते." आपल्या देशात १९७० च्या कायद्यान्वये पेटंटचा प्रतिनिधी होण्यास विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते आणि सरकारी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, वकिलीची सनद पाहिजेच असे नाही. म्हणजे एक पाय प्रयोगशाळेत आणि एक पाय कचेरीत. वर मुदतींचा जाच. परीक्षकाच्या आक्षेपाला ठराविक दिवसांत उत्तर गेले नाही तर अशिलाची वर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून ताटावर बसली असतानाही भाचीचे अर्धे लक्ष घड्याळाकडे असते.

ती लिहिते ते काय, हे मला एका जुन्या खरेदीखतावरून समजले. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध, वगैरे. पेटंटच्या अर्जात आधी शोधाचे वर्णन असते आणि शेवटी 'दावे' असतात. हे दावे म्हणजे कल्पनेच्या चतुःसीमा होत. समजा, एखाद्याने खुर्चीला प्रथमच चाके लावली. 'चार चाकांची लाकडी खुर्ची' असा दावा लिहिला, तर शेजारचा सुतार पाच चाकांची लोखंडी खुर्ची करून खुशाल विकील. बरे, 'बसण्याचे कोणतेही साधन' असे लिहिले, तर परीक्षक म्हणेल, पाट आणि चौरंग पणजीच्या काळापासून आहेत. सीमा फार आखडली तर चोराचे फावते आणि फार पसरली तर सरकार अर्ज फेटाळते. या दोहोंमधली रेघ शब्दांनी ओढणे हीच या वकिलांची विद्या.

ही विद्या दुसऱ्यांसाठी वापरता वापरता एका माणसाने स्वतःसाठी वापरली, त्याची हकीकत आता सांगतो. त्याचे नाव चेस्टर कार्लसन. ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेत सिएटल येथे एका न्हाव्याच्या घरी त्याचा जन्म झाला. बाप क्षयाने आणि संधिवाताने खिळलेला. मुलाने लहानपणापासून मिळेल ते काम करून घर चालविले. तो सतरा वर्षांचा असताना आईही क्षयाने गेली. अशा स्थितीत त्याने १९३० साली पदार्थविज्ञानाची पदवी मिळविली. ते मंदीचे वर्ष होते. ८२ कंपन्यांना पत्रे लिहूनही काम मिळेना. शेवटी न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत जागा मिळाली आणि तेथे तो पेटंट खात्यात गेला. १९३३ साली तीही नोकरी सुटली. पुढे मॅलरी नावाच्या, विजेचे सामान करणाऱ्या कंपनीच्या पेटंट खात्यात तो चिकटला आणि कालांतराने त्या खात्याचा प्रमुख झाला.

या खात्यात एक नित्याची पीडा होती. पेटंटच्या वर्णनाच्या आणि आकृत्यांच्या प्रती कधी पुरत नसत. पुन्हा टंकलेखन करावे तर वेळ जाई, चुका होत. छायाचित्र काढून आणावे तर पैसे फार पडत. त्यातच १९३६ पासून कार्लसन रात्रीच्या वर्गांना जाऊन कायदा शिकू लागला. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा हा मनुष्य सार्वजनिक ग्रंथालयात बसून कायद्याच्या ग्रंथांतले उतारे हाताने उतरून घेई. दृष्टी अधू, पाठ दुखे, बोटे आखडून येत. ज्यांनी शाळेत असताना मित्राच्या वह्या रात्र रात्र जागून उतरविल्या असतील, त्यांना या दुखण्याची ओळख करून द्यावयास नको. दिवसा कचेरीत प्रतींचे दुर्भिक्ष, रात्री ग्रंथालयात हाताचे दुखणे. कागदावरील मजकूर क्षणात दुसऱ्या कागदावर उतरविता आला पाहिजे, हा विचार त्याच्या मनात येथे पक्का झाला.

तेथून पुढे त्याच्या वकिली बुद्धीचा चमत्कार दिसतो. यंत्र नाही, साधा नमुनाही नाही, अशा स्थितीत १८ ऑक्टोबर १९३७ रोजी त्याने पहिला प्राथमिक अर्ज दाखल केला. शेत नांगरण्यापूर्वीच चतुःसीमा लिहून ठेवल्या! दुसऱ्यांचे हक्क एका दिवसाच्या उशिराने गेलेले ज्याने पाहिले असतील, त्यालाच ही घाई सुचावी.

प्रयोग मात्र घरातल्या स्वयंपाकघरात चालत. त्याने १९३४ साली एल्सा नावाच्या स्त्रीशी विवाह केला होता. चुलीवर गंधक वितळते आहे, घरभर दुर्गंधी सुटली आहे, नवरा दिवसभर नोकरीत, संध्याकाळी कायद्याच्या वर्गात आणि उरला वेळ गंधकात; त्या बाईने किती सोसले असेल याची कल्पना आमच्या श्रोत्या भगिनींना सहज येईल. अखेर तिच्याच सांगण्यावरून हे बिऱ्हाड ॲस्टोरिया भागात तिच्या आईच्या मालकीच्या घरातील एका खोलीत गेले. मदतीला ओटो कोर्नेई नावाचा ऑस्ट्रियाहून आलेला निर्वासित शास्त्रज्ञ होता.

२२ ऑक्टोबर १९३८. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. अंधारात तो हातरुमालाने घासून त्यावर स्थिर विद्युत निर्माण केली. काचेच्या पट्टीवर शाईने '१०-२२-३८ ॲस्टोरिया' असे लिहून (अमेरिकेत महिना आधी लिहितात) ती पत्र्यावर ठेवली आणि वर दिव्याचा प्रखर प्रकाश पाडला. जेथे प्रकाश पडला तेथली वीज निघून गेली. अक्षरांच्या सावलीत ती राहिली. मग एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड त्यावर टाकून फुंकर मारली. पूड अक्षरांनाच चिकटून राहिली. मेणाचा कागद दाबून ऊब देताच तीच अक्षरे कागदावर उठली. आज आपल्या गल्लीतील दुकानात जे यंत्र दिवसभर घरघरते, त्याचे तत्त्व एवढेच.

मुख्य पेटंट ६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिळाले. त्याचे दावे कार्लसनने स्वतः लिहिले होते, आणि ते गंधकापुरते मर्यादित नव्हते, हे लक्षात घ्यावे. विद्युत भारित करावे, प्रकाश पाडावा, पुडीने चित्र उमटवावे, या क्रियेलाच त्याने कुंपण घातले. पण कुंपणातले शेत घ्यावयास कोणी येईना. वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला परत पाठविले. त्यांत मोठमोठी नावे होती. कोर्नेईही निराश होऊन दुसरीकडे नोकरीस गेला. १९४४ साली बॅटेल या संशोधनसंस्थेचा एक अभियंता मॅलरी कंपनीत दुसऱ्याच एका पेटंटच्या कामासाठी आला असता कार्लसनने बोलता बोलता आपल्या शोधाचा विषय काढला, आणि तेथे दार उघडले. वकिलीच्या टेबलानेच अखेरीस हात दिला. मात्र १९४५ साली एल्साशी घटस्फोट झाला. जगाने शोध ओळखला तेव्हा ज्या बाईच्या स्वयंपाकघरात तो रांधला गेला ती त्याच्या घरात नव्हती. हा हिशेब कोणत्याही पेटंटाच्या कागदात नोंदलेला नसतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. बॅटेल संस्थेत गंधकाऐवजी सेलेनियम वापरण्याची युक्ती निघाली. रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीने काम अंगावर घेतले, आणि तिचेच पुढे नाव झाले झेरॉक्स. ग्रीक भाषेतील 'कोरडे' आणि 'लेखन' या शब्दांवरून झेरोग्राफी हे नाव घडविले होते. कार्यालयात सहज वापरता येईल असे '९१४' नावाचे यंत्र १६ सप्टेंबर १९५९ रोजी लोकांपुढे आले. आणि गंमत पाहा: त्या वेळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षे असे. म्हणजे पीक हाती आले त्याच सुमारास मूळ कुंपण पडावयाचे होते! परंतु कंपनीच्या वकिलांनी दरम्यान प्रत्येक सुधारणेवर निराळे पेटंट घेऊन कुंपणामागे कुंपण उभारले होते. ते इतके दाट झाले की १९७५ साली अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून कंपनीला आपली पेटंटे प्रतिस्पर्ध्यांना वापरू द्यावी लागली. शोधकाला संरक्षण देणारी विद्या दुसऱ्याची वाट अडविण्यासही तितकीच समर्थ असते, आणि माझ्या मते येथे तिचा अतिरेक झाला.

कार्लसन स्वतः कोट्यधीश झाला. दुसऱ्या पत्नीच्या संगतीने त्याचा ओढा हिंदू तत्त्वज्ञान व ध्यानधारणा यांकडे वळला. दहा कोटी डॉलरांहून अधिक संपत्ती त्याने बहुतेक नाव न लावता दान केली. सोडून गेलेल्या कोर्नेईलाही त्याने कंपनीचे शंभर भाग पाठविले. कायद्याने तो काही देणे लागत नव्हता. १९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमधील एका चित्रपटगृहात बसल्या जागी तो हृदयविकाराने वारला.

त्याच्या यंत्राने त्याच्या व्यवसायबंधूंना मात्र दोन नवी दुखणी लावून दिली. पहिले व्यापारचिन्हाचे. 'झेरॉक्स काढून आण' असे आपण म्हणतो. ते सामान्य नाम झाले तर चिन्हावरील हक्क जाईल, म्हणून कंपनीचे वकील जाहिराती देऊन लोकांना विनवीत आले आहेत की हे आमचे नाव आहे, क्रियापद नव्हे. आपल्या पाट्या रंगविणाऱ्यांनी ती विनवणी ऐकल्याचे दिसत नाही. दुसरे ग्रंथस्वामित्वाचे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि त्याच्या आवारातील एका प्रती काढून देणाऱ्या दुकानावर दावा लावला. पुस्तकांतील निवडक भागांचे संच विद्यार्थ्यांना दिले जात होते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. शिक्षणाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने प्रत काढणे कायद्याने क्षम्य आहे, असा त्याचा आधार. डिसेंबरमध्ये मोठ्या पीठाने एका मुद्द्यावर फेरचौकशी सांगितली खरी, पण मुख्य तत्त्व कायम ठेवले. आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

तो निकाल मी वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मला माझे एक जुने प्रकरण आठवले. खेड्यातील शाळेत असताना मी एका बालकथांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळीस प्रती काढून वर्गात वाटल्या होत्या. दिवाळीत भाची आली तेव्हा मी तिला ते सांगितले. किती पाने, असे ती विचारील अशी माझी समजूत होती. तिने विचारले, "मामा, शिकवण्यासाठी काढल्यात, की मुलांकडे पुस्तक असावे म्हणून?"

मी म्हणालो, "दोन्ही."

"आणि पुस्तक तेव्हा बाजारात मिळत होते?"

मिळत होते. तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या दुकानात. लेखकही हयात होते. पेशाने माझ्यासारखेच शिक्षक. मी हे सांगितले, तेव्हा तिने चहाचा कप खाली ठेवला आणि आईला विचारले की चकल्या उरल्या आहेत का.