अकोल्याच्या उन्हात पाण्यावर चालणारा गारवा

२६ मे २०२० रोजी अकोल्यात पारा ४७.४ अंशांवर गेला होता. अशा दुपारी लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावला की संगणक काय सोसतो, हे अकोला-अमरावतीच्या स्टुडिओवाल्यांना सांगावं लागत नाही. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या घरात पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, आणि काम रखडतं.

म्हणून लिक्विड कूलिंग. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवतात. त्याच्या पोटात अगदी बारीक चिरा असतात. पंप त्यांतून पाणी खेळवतो, तापलेलं पाणी नळीने रेडिएटरकडे जातं, पंखे उष्णता बाहेर टाकतात आणि तेच पाणी परत फिरतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवतात.

वऱ्हाडात मात्र एक फरक ध्यानात ठेवावाच लागतो. खिडकीतला कूलर पाणी पितो. त्या पाण्याची वाफ होते म्हणून हवा गार होते. संगणकाच्या कॅबिनेटमधलं पाणी बंदिस्त फिरतं. ते खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ४२ अंशांवर असेल तर रेडिएटरलाही ४२ अंशांचीच हवा मिळणार. त्यामुळे महागडा रेडिएटर घेण्याआधी खोली थंड करा, असं मी ठामपणे सांगेन. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगला कूलर खोलीचं तापमान दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो, आणि प्रोसेसरही जवळपास तेवढाच उतरतो. फक्त कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको; तुषारांबरोबर क्षार आत जातात.

क्षारांचं दुखणं तर इथलंच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो. तेच पाणी लिक्विड कूलिंगच्या लूपमध्ये भरलं तर ठोकळ्यातल्या चिरा बुजतील. स्वतः जोडलेल्या लूपमध्ये गंज आणि शेवाळ रोखणारं तयार कूलंटच भरावं. कारखान्यातून भरून आलेल्या संचाला ही कटकट नाही. पण पंप रेडिएटरपेक्षा खाली ठेवावा, नाहीतर हवेचा बुडबुडा पंपात अडकून गुळगुळ आवाज येत राहतो.

जिनिंग जवळ असेल तर रेडिएटरच्या पात्यांत धुळीबरोबर कापसाचे तंतू अडकतात आणि हवेची वाटच बंद होते. तिथे महिन्याला ब्लोअर मारावा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं.