ठासणीची बंदूक आणि सुती चिंधी

कोकणात वानर-रानडुकरांपासून बागायत राखण्यासाठी अनेक शेतकऱ्यांकडे परवान्याची ठासणीची बंदूक असते. पावसाळा तोंडावर आला की सफाईसाठी चिंध्या मागायला काही गिऱ्हाईक कापडाच्या दुकानी येते. एकदा आम्ही गफलतीने एका बागायतदारांना टेरिलीनची कात्रणे बांधून दिली. चार महिन्यांत नळी आतून गंजली. कापड आमचे, तेव्हा खुलासाही आम्हीच केला पाहिजे.

या बंदुकीतली काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. जळल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा वायू होत नाही, काजळी आणि क्षार होतात. काही धुराबरोबर बाहेर जातात, उरलेले नळीला चिकटतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणून बार काढून तशीच ठेवलेली बंदूक पावसाळी हवेत एका रात्रीतही गंज धरते. रॉकेलने वा तेलाने क्षार विरघळत नाहीत. त्याला पाणीच लागते, तेही कढत.

सफाईआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. केप काढून टाकावी. गज नळीत सोडून किती आत जातो ते पाहावे आणि तेवढेच माप नळीच्या बाहेरून धरावे. गज तळापर्यंत पोचत नसेल तर आत बार भरलेला आहे किंवा काही अडकले आहे असे समजून परवानाधारक कारागिराकडेच जावे. आत बघण्यासाठी तोंडाशी डोळा कधीही नेऊ नये.

मग दस्ता कोरड्या कापडात गुंडाळून नळीत कढत पाणी ओतावे. केप बसवतात त्या भोकातून पाणी स्वच्छ येईपर्यंत चिंधी फिरवावी. कोरड्या चिंध्यांनी पुसावे आणि शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल थंडीत गोठते, ते नको. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुन्हा तेल द्यावे. बंदूक कापडी वा चामड्याच्या म्यानात ठेवू नये, ओल आत कोंडते. बार भरण्याआधी तेल पुसावे, नाहीतर दारू भिजते.

आता कापडाची गोष्ट. टेरिलीन पाणी शोषत नाही, नुसते घसरते. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, म्हणून तो दोनदा धुऊन घ्यावा. सर्वांत चांगले म्हणजे धुतलेले फलालीन. कडेचे सुटे धागे मात्र काढून टाकावेत. नळीत राहिलेला धागा बारानंतर धुमसत राहिला, तर पुढची दारू ओततानाच भडकून हात जाऊ शकतो. दुकानदार बांधवांनी चिंधी देताना एवढे जरूर सांगावे. चिंधीत नफा थोडा, जबाबदारी मोठी.

लेथ आणि वेल्डिंगचे काम करणाऱ्या कारागीर बांधवांनाही एक अर्ज. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. ओळखीखातर नळी जोडून देऊ नये. बागायतदारांनीही ध्यानात ठेवावे की बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी घ्यावी लागते.

हत्यार ही घरातली अमानत आहे. तिची हिफाजत कढत पाणी आणि सुती चिंधी यांवर होते. खर्च फारसा नाही, आळस तेवढा सोडावा लागतो.